बाईंच्या भिंतीवरच्या रॅकेटी

आधी बाईंचं सांगतो, रॅकेटींचं नंतर. सोनाळ्याच्या बाईंनी मला ठेवून घेतलं नसतं तर पुढचं काही मला बघायलाच मिळालं नसतं. बाई म्हणजे शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या बाई. गावातल्या निम्म्या माणसांना त्यांनी लहानपणी मैदानाला चकरा मारायला लावलेल्या आहेत. म्हणून अजूनही त्या रस्त्याने निघाल्या की पानठेल्यावर रेललेली माणसं आपसूक सरळ उभी राहतात.

मी इथला नाही. माझं गाव समुद्राकाठी, मालवणच्या बाजूला. नववीत शाळा सोडली आणि घरच्या जाळ्यांच्या कामाला लागलो. पुढे कोणीतरी धरणात मासे धरायचं कंत्राट घेतलं आणि जाळी विणायला म्हणून आम्हा काही जणांना इकडे विदर्भात आणलं. कंत्राट मोडलं तसे बाकीचे मिळेल त्या गाडीने परत गेले. मी गेलो नाही. तिकडे पक्कं काम आहे असं आईला सांगून आलो होतो, आणि आता नाही असं सांगायला तोंड उघडेना. सोनाळ्याच्या स्टँडवर पिशवी मांडीवर धरून बसलो होतो. पिशवीतून जाळं विणायची लाकडी सुई बाहेर आली होती. समोरून जाणाऱ्या एक बाई थांबल्या, सुईकडे बघून म्हणाल्या, "जाळं विणता येते तुम्हाले?"

मी हो म्हणालो.

"मंग चला. माह्या जाळ्यातून डुक्कर गेलं."

मला वाटलं यांचं शेततळं असेल. पण त्या मला घेऊन गेल्या संत्र्याच्या बागेच्या कडेला, आणि तिथे सपाट, सारवलेल्या अंगणासारखी लांबलचक जागा होती, तिच्यावर चुन्याच्या रेघा, आणि मधोमध दोन खांबांना लोंबणारं फाटकं जाळं. उत्तरेला सातपुडा इतका जवळ की कोर्टाची भिंतच वाटावी. टेनिस मी टीव्हीवर पाहिलं होतं. पण शेणाने सारवलेलं टेनिस कोर्ट असतं हे कोणी सांगितलं असतं तर हसलो असतो.

जाळं मी संध्याकाळपर्यंत सांधून दिलं. रानडुकराने पाडलेलं भगदाड कुठे होतं ते नंतर शोधूनही सापडेना, असं. बाईंनी दोन्ही बाजूंनी बघितलं, आणि पाहुण्यांच्या खोलीची किल्ली काढून दिली. तेव्हापासून मी इथेच. कोर्ट झाडतो, पाणी मारतो, रूळ फिरवतो, पौर्णिमेला बाई विहारात जातात तेव्हा घर सांभाळतो. आई फोनवर विचारते, "थंय तुझां कोण आसा?" मी म्हणतो, बाई आसत. तरी रात्री अंथरुणावर पडलो की मनात येतंच, आज ठेवलंय, उद्याचं काय? ही माझी सवयच आहे. समुद्र शांत असला तरी मी ढगच बघतो.

कोर्टासाठी शेण येतं शेजारच्या काकांच्या गोठ्यातून. काकांचं वांगी, मिरची, सांभार, म्हणजे कोथिंबीर, असं भाजीचं शेत आहे. शेण त्यांचं, म्हणून अर्धं कोर्ट आपलंच असं ते समजतात. बाईंनीच त्यांना चाळिशीनंतर खेळायला शिकवलं. आता साठी ओलांडली तरी रोज सकाळी भाजी गाडीत भरून झाली की अनवाणी, कमरेला टॉवेल गुंडाळून कोर्टावर हजर. वर्षानुवर्षं त्यांचा एकच विनोद ठरलेला. रूळ फिरवलेल्या त्या गुळगुळीत जागेकडे बघायचं आणि म्हणायचं, "बाई, साऱ्या गावात असं खळं नाई. तुरी टाकल्या तं एक दाणा मातीत जाणार नाई." बाईंचंही उत्तर ठरलेलं, मी मेल्यावर टाका.

बाईंच्या बैठकीच्या खोलीत, जिथे इतरांकडे घड्याळ किंवा कॅलेंडर असतं त्या भिंतीवर रॅकेटी टांगलेल्या. पहिल्या दिवशी मी विचारलं की एका माणसाला इतक्या कशाला. बाई म्हणाल्या, काढून बघ. मी होडीवर वल्हं निवडतात तसं एकेक बोटावर आडवी तोलून बघितली, कुठे झुकते ते. बाईंना ते आवडलं असावं, कारण त्यानंतर त्या तासभर बोलत राहिल्या आणि चहा तसाच गार झाला.

सर्वांत जुनी लाकडी. बाई अमरावतीला शिकत होत्या तेव्हाची. ती एका लाकडी चौकटीत आवळून ठेवलेली, चार कोपऱ्यांना चार फिरक्या. दमट हवेत लाकूड वाकडं होऊ नये म्हणून ही चौकट. मी म्हणालो, आमच्याकडे एका पावसाळ्यात हिची कढई झाली असती. तोंड लहान, वजन भरपूर, आणि बोटावर तोलली तर डोक्याच्या बाजूला झुकणारी. बाईंचं म्हणणं, ही वाकते. चेंडू आला की किंचित मागे जाते, त्याला धरते आणि मग सोडते. ज्याला चेंडू कापून खाली ठेवायचाय, जाळ्याजवळ जाऊन अलगद टाकायचाय, त्याची ही. पण मधोमध लागायला हवा. थोडा इकडेतिकडे झाला की हातातच गिरकी घेते.

दुसरी स्टीलची, चकचकीत, बारीक नळीची. बुलडाण्याहून बदलून जाताना कोणा साहेबांनी बाईंना दिलेली. तिचे दोर थेट नळीला नाहीत, आतून एक तार वळसे घेत गेलीय, त्या तारेला ओवलेले. ही चेंडू फेकते. गोफणच. ज्याचा हात लांबून, मोकळा येतो त्याच्या हातात ही भारी, असं बाई म्हणाल्या, पण मनासारखी कोणाचीच नाही. त्यांच्याही नाही. म्हणून ती नुसती भिंतीवर.

तिसरी ॲल्युमिनियमची, सुपाएवढ्या तोंडाची, ती काकांकडेच असते, भिंतीवर नुसता तिचा खिळा. काका मागे उभे राहतात आणि येईल ते परत पाठवतात, उंच, सावकाश. समोरचा कंटाळून चुकेपर्यंत. सुपात काय, कुठेही पडलं तरी परत येतंच. त्यांच्या स्वभावाला ती इतकी शोभते की मला आधी वाटलं त्यांनीच बनवून घेतली असेल.

चौथी काळी, ग्रॅफाइटची. बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या भाच्याने पुण्याहून आणली. तीही आता जुन्यातच जमा. ही हलत नाही, वाकत नाही. जितका जोर द्याल तितका चेंडूला जातो. बाई म्हणाल्या, हिने माझा खेळच बदलला. आधी पुढे धावायची, आता मागे उभं राहून ठोकते.

मला तेव्हापासून एक कुतूहल लागून राहिलं. आमच्याकडे मासा बघून जाळं ठरतं, बांगड्याला वेगळं, पेडव्याला वेगळं. माणूस बघून नाही. इथे माणूस बघून जाळं. मग माणूस बदलला तर?

ते बघायची वेळ अशी येईल असं मात्र वाटलं नव्हतं. पावसाळ्याच्या आधी बाईंचं उजवं कोपर दुखू लागलं. आधी त्या बोलल्या नाहीत. मला कळलं ते चहाच्या कपावरून. त्या कप डाव्या हाताने उचलू लागल्या. मग दाराची कडी डाव्या हाताने. शेगावच्या हाडांच्या डॉक्टरांनी पट्टा दिला, पूर्ण आराम सांगितला आणि परत दुखलं तर खेळ विसरा म्हणाले. अख्खा पावसाळा बाई खेळल्या नाहीत. कोर्टावर गवत आलं. दिवाळीनंतर गवत काढून, सारवून, रेघा मारून मी ते पुन्हा उभं केलं. बाई काळी रॅकेट घेऊन उतरल्या. दुसऱ्याच दिवशी खेळ अर्ध्यावर टाकून त्या पायरीवर बसल्या, कोपर मुठीत धरून. काका जाळ्यापाशी आले. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा.

बाई म्हणाल्या, "भाऊ, हा आठवडा पाह्यते. नाई जमलं तं तुमच्या तुरी टाका इथं."

काका हसले नाहीत. वर्षानुवर्षं स्वतःच केलेला विनोद, पण बाईंच्या तोंडून आला आणि त्यांना कुठे बघावं कळेना. त्यांनी टॉवेल सोडला, पुन्हा बांधला. मग म्हणाले, "माह्या तुरीले माहं खळं आहे."

मला तेव्हा जी भीती वाटली त्यातली निम्मी माझ्यासाठी होती, हे लिहायला हवं. कोर्ट गेलं तर कोर्ट झाडणारा कशाला? पण उरलेली निम्मी तशी नव्हती. बाईंचं घर, बाग, माणसं सगळं ठीक होतं. तरी सकाळचा तो तास काढून घेतला तर त्यांच्यातलं काय उरेल ते मला कळेना, आणि बहुतेक त्यांनाही कळत नव्हतं.

संध्याकाळी मी विचारलं, रॅकेट बदलून बघायची का? त्या भिंतीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, हाव, पाहू.

दुसऱ्या दिवशी काकांनी आपली सुपाच्या तोंडाची रॅकेट बाईंना दिली. दुखणं कमी झालं, पण बाईंचा चेहरा उतरला. चेंडू येतोय, अडवतायत, जातोय. त्यांनी स्वतःच थांबून रॅकेट परत केली. हे अडवणं झालं, खेळणं नाही, म्हणाल्या. काका म्हणाले, "मंग मी इतके वर्षं काय करून राह्यलो?" बाई म्हणाल्या, अडवून राह्यले. काका खूश झाले. आदल्या दिवसानंतर पहिल्यांदाच दोघं हसली.

स्टीलची काढली. पहिलाच फटका सरळ संत्र्यात. दुसराही. तिसरा कोर्टात पडला, पण बाई म्हणाल्या की हा मी नाही मारला, हिने मारला. आणि काय होतंय तर चेंडूला आवरायला त्या मूठ आवळत होत्या, मूठ आवळली की कोपर बोंबलत होतं. ती परत खिळ्यावर गेली.

उरली लाकडी. चौकटीच्या फिरक्या गंजल्या होत्या, तेल घालून सोडवल्या. बाईंनी एक चेंडू मारला, दुसरा मारला, आणि थांबून कोपराकडे बघितलं, जणू कोणी हाक मारली. तिसऱ्याला टण्‌ आवाज झाला. जुना दोर तुटला, आणि एक तुटल्यावर बाकीचे डोळ्यांसमोर सैलावत गेले.

त्या दोन न दुखलेल्या चेंडूंसाठी मी शेगावला गेलो. रॅकेटला दोर बांधण्याला सगळे गटिंग म्हणतात, आणि स्टेशनच्या रस्त्याला एक गटिंगवाला आहे असं काकांना माहीत होतं. तो भला माणूस, रॅकेट हातात घेऊन कौतुकाने फिरवली, पण मशीनवर चढवायला नाही म्हणाला. इतकं जुनं लाकूड, मशीनने ओढलं की तडकेल. हातानेच करायला हवं आणि हाताने करणारं आता कोणी नाही. मी नायलॉनचा दोर मागून घेतला. तो कसा ओवायचा, भोकात आरी खुपसून ओढलेला दोर कसा धरून ठेवायचा, एवढं त्याने दाखवलं. किती ओढायचा ते मी विचारलं नाही. मला वाटलं ते मला माहीत आहे.

इथेच घोटाळा झाला. आमच्या धंद्यात ताणलेलं जाळं म्हणजे वाईट जाळं. मासा त्याला धडकून परत फिरतो, आणि धागा स्वतःच कापला जातो. चांगलं जाळं पाण्यात लोंबलं पाहिजे, त्याने मासा अंगात घेतला पाहिजे. लहानपणी मी गाठ जरा ओढून मारली की बाबा सुईच्या टोकाने बोटांवर टोचायचे. ते बोटांनी लक्षात ठेवलेलं, डोक्याने नाही. मी उभे दोर ओवले, आडवे त्यांच्यातून वरखाली काढले, चौकोन अगदी सारखे आले, आणि दोर सरळ झाला की माझा हात आपोआप थांबला. त्याच्यापुढे ओढायचं असतं हे माझ्या हाताला ठाऊकच नव्हतं. उलट एका दोराने जरासा सूर धरला तर तो मी घाबरून सैल केला.

सकाळी काकांनी रॅकेट घेतली, दोरांवर बोट मारलं. काही वाजलं नाही. तळव्याने दाबून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"हे रॅकेट आहे का बाज बे? बाई, याच्यावर झोपा, खेळू नका."

त्यांनी आपली रॅकेट वाजवून दाखवली, मग भिंतीवरची काळी मागवून ती वाजवली. तंबोऱ्यासारखी. मला माझी चूक एका क्षणात कळली. बाईंचा आठवडा संपत आला होता, त्यातला एक दिवस मी शेगावात आणि एक असा घालवला होता. मी हात पुढे केला, म्हणालो, सगळं सोडतो आणि दुपारपर्यंत पुन्हा घट्ट ओवून देतो.

बाईंनी रॅकेट दिली नाही. "थांब. आधी हात काय म्हणते ते पाहू दे."

पहिला चेंडू माझ्या डोक्यावरून बागेत. नंतरचेही. सैल दोर चेंडू आत घेतो आणि लांब भिरकावतो, हे मला त्या सकाळी संत्र्याच्या झाडांखाली वाकून चेंडू शोधताना कळलं. प्रत्येक वेळी मी फांदीआडून बाईंच्या कोपराकडे बघायचो. कोपर मुठीत गेलं नव्हतं.

मग बाई शांत झाल्या. त्यांनी हात मागे नेणं कमी केलं. जोर काढून टाकला. नुसतं वरून खाली, कांदा कापावा तसं. चेंडू जाळ्यावरून जेमतेम गेला आणि सारवलेल्या जमिनीवर बसलाच. शेणाच्या कोर्टावर चेंडू तसाही उसळत नाही, त्यात असा कापलेला. काका मागच्या रेघेवर, उंच चेंडूची वाट बघत. ते धावले, टॉवेल सुटला, पोचले नाहीत. बाईंनी रॅकेट तोंडासमोर धरली आणि दोरांच्या चौकोनांतून पलीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, मी अमरावतीला अशी खेळायची.

तो सेट त्या हरल्या, आणि चांगल्याच हरल्या. काकांनी दोनदा सांगितलं, जिंकलो मी हे लक्षात ठेवा. पण त्यांचा आवाज आनंदाचा होता तो जिंकल्याचा नव्हता.

खरी परीक्षा दुसऱ्या सकाळी. मी चहा आणून ठेवला आणि दारातच रेंगाळलो. बाई पेपर वाचत होत्या. पेपर खाली न ठेवता त्यांनी हात लांबवला आणि कप उचलला. उजव्या हाताने. त्यांना कळलंही नाही. मी मागे जाऊन कोर्टावर पाणी मारायला लागलो आणि नको तिथेही मारत सुटलो.

सगळं एका दिवसात बरं झालं असं नाही. थंडीत अजून कोपर बोलतं. सर्व्हिस त्या आता वरून जोरात करत नाहीत, कापून खालून टाकतात, आणि काका त्याला लबाडी म्हणतात. काही आठवड्यांनी दोर आणखी ढिले पडले, मग चेंडू कुठेही जाऊ लागला. मी दुसऱ्यांदा गटिंग केलं तेव्हा धीर करून थोडं जास्त ओढलं. बाईंनी चार चेंडू मारले आणि म्हणाल्या, इतकं नको, कोपर सांगून राह्यलं. तिसऱ्यांदा मधलं कुठेतरी. आता माझ्या हाताला ती जागा सापडली आहे. ती काकांच्या सुपाला चालत नाही, बघितलं करून. त्यांच्या रॅकेटला मी तसं गटिंग केलं तर त्यांचा प्रत्येक चेंडू सातपुड्याकडे निघाला, आणि ते म्हणाले तुले माह्यावर राग आहे काय. मी आता दोर ओढायच्या आधी दोघांनाही विचारतो, पुढे येता की मागे थांबता, ठोकता की कापता, कुठे दुखतं. एवढं विचारायचं असतं हे मला जाळ्यांच्या धंद्यात कधी कोणी सांगितलं नव्हतं. माशाला कोण विचारणार.

काकांनी खळ्याचा विनोद पुन्हा सुरू केलाय. पण हल्ली ते धावताना गुडघ्यावर हात ठेवतात. सेट संपला की पायरीवर बसायला आधी तेच येतात. एकदा बाईंनी ते बघितलं, मी बघितलं, आणि दोघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही. खेळायला समोर कोणी लागतं. सोनाळ्यात बाईंच्या समोर उभं राहणारं दुसरं माणूस नाही.

त्या दिवशी दुपारी मी भिंतीवरची स्टीलची रॅकेट काढली, जी कोणाच्याच मनासारखी नाही ती. बाई आतून बघत होत्या. बाहेर आल्या, माझं मनगट धरून हात मागे नेला. म्हणाल्या, "तिकडे जाळं फेकतो ना तू? तसाच सोड हात." मी होडीच्या टोकावर उभा राहून पाग मारतो, म्हणजे फेकून पसरायचं जाळं, तसा कमरेतून वळलो. चेंडू बागेत गेला. पण हातात काहीतरी लांब, मोकळं सुटल्यासारखं वाटलं, आणि बाई म्हणाल्या, तुयी हीच.

तेव्हापासून रोज काका गेल्यावर मी भिंतीशी खेळतो. दहापैकी निम्मे चेंडू शोधत बसावे लागतात. तरी बाई, मी हे इथे लिहून ठेवतो, तोंडाने म्हणायचं धाडस होत नाही म्हणून. काकांचे गुडघे थांबतील त्या सकाळी तुमच्यासमोरची बाजू रिकामी राहणार नाही. मी असेन. आणि तुम्ही कापून ठेवलेला चेंडू परत पाठवीन, नुसता अडवणार नाही.